नलूच्या वर्गातला देश

मलकापूर स्टेशनावर उतरले तेव्हा थंडीने दात कडकडा वाजत होते आणि नलू मला घ्यायला आली नव्हती. मनात म्हटलं, बरंच झालं. भेटीच्या सुरुवातीलाच तिची एक चूक माझ्या हाती लागली. एवढ्यावरून मी कोणत्या मनाने प्रवासाला निघाले होते ते वाचकांना कळेल.

नलू, म्हणजे नलिनी, आणि मी पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात एका बाकावर बसायचो. परीक्षेत मी पहिली, ती कुठेतरी मध्ये. पुढे मी शहरातल्या नावाजलेल्या मुलींच्या शाळेत लागले आणि ती आपल्या मुलखात, बुलढाणा जिल्ह्यातल्या मोताळ्याजवळच्या एका खेड्यात मास्तरीण झाली. तिची कीव करत मी काही वर्षं मोठ्या सुखात काढली. मग माझे मामा, जे शाळा तपासत हिंडत असतात, विदर्भातून परतले आणि आमच्याकडे जेवताना म्हणाले, ‘‘वर्ग पाहावा तर त्या नलिनीचा.’’ माझा वर्ग त्यांनी जन्मात पाहिलेला नाही. त्या दिवशी मी भात तसाच टाकून उठले. नाताळची सुट्टी लागली आणि मी गाडीत बसले.

मलकापूरहून मोताळ्याला एस. टी. जाते. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कपाशी फुटली होती. जिनिंगकडे निघालेल्या गाड्यांमधून उडालेला कापूस बाभळींच्या काट्यांना अडकून राहिला होता. दक्षिणेकडे डोंगराची निळी रेघ, तिच्यावर बुलढाणा. शेजारी बसलेल्या आजीबाईंनी मला नीट न्याहाळून विचारलं, ‘‘कोन्या गावाले चालल्या, बाई?’’

मी नलूच्या गावाचं नाव सांगितलं.

‘‘नलूबाईच्या शाळेत? मंग तं तुमाले देश पाह्याले भेटन!’’

‘‘कुठला देश?’’

‘‘शनवारी पोट्टे मांडतात ना. (पोट्टे म्हणजे पोरं.) माया नातवानं त्यात आगगाडी ठेवली हाये.’’ नातवाने गाडी रोख पैसे मोजून आणली असावी, असा त्यांचा सूर होता.

मोताळ्याला नलू उभी होती. रेंगीचा (हलक्या बैलगाडीचा) एक बैल लंगडायला लागला म्हणून तिला मलकापूर गाठता आलं नव्हतं. म्हणजे चूक तिची नव्हतीच, बैलाची होती! ती काळवंडली होती, वाळली होती आणि आनंदात होती. मला सगळ्यात आधी खुपला तो तिचा आनंद. वाटेत नाल्याच्या चिखलात गाडी रुतली, आम्ही दोघी उतरलो आणि माझ्या नव्या चपलेचा अंगठा तुटला. नलू अनवाणीच चालत होती आणि गाडीवानाशी त्याच्या बोलीत गप्पा मारत होती. माझ्याशी मात्र जुनं पुणेरी मराठी बोलायची.

दुसऱ्या दिवशी शनिवार, सकाळची शाळा. दिवस उगवताच मुलांनी वर्गाची जमीन शेणाने सारवली. ती वाळल्यावर नलूने चुन्याची पूड चिमटीत घेऊन खोलीभर पसरेल एवढा भारताचा नकाशा काढला. मग मुलं एकेक करून आत आली. कुणाच्या मुठीत चिंचोके, कुणाच्या हातात खापराचे तुकडे, बोंडं, काड्या. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत आपल्या देशात जे असावं असं वाटतं, ते ज्याने त्याने नकाशात मांडायचं. पुढच्या शनिवारी पुन्हा सारवण, पुन्हा नवा देश.

नियम एकच होता. वस्तू ठेवली की वर्ग विचारणार, ‘‘चालवन कोन?’’ उत्तरात वर्गातल्याच कुणाचं तरी नाव आलं पाहिजे. नाव नसेल तर वस्तू उचलायची.

आजीबाईंच्या नातवाने खामगावपासून जालन्यापर्यंत चिंचोक्यांची ओळ लावली. ही आगगाडी होणार होणार असं त्याच्या आजोबांनीही ऐकलं होतं म्हणे.

‘‘चालवन कोन?’’

‘‘मी डायवर. टिकिटं बाबू फाडन.’’

‘‘काऊन बे? (का रे?) मी तं दवाखान्यात हाओ!’’ आपला खापराचा दवाखाना दाखवत बाबू ओरडला. शेवटी दवाखाना स्टेशनाला लागून ठेवला आणि भांडण मिटलं.

मग विशाखा नावाची एक मुलगी पुढे आली. सातवीतली, उंच, गावाच्या कडेला असलेल्या बौद्ध वस्तीतली. तिने नकाशाच्या मधोमध एक बांगडी ठेवली. ‘‘ही हीर. (विहीर.) साऱ्या गावाची एकच.’’

‘‘पानी कोन शेंदन?’’

‘‘ज्याले तहान लागली तो.’’

मग मागून एका मुलीने हात वर केला. पाहता पाहता सगळ्यांचे हात वर झाले आणि बांगडी राहिली. मी खिडकीपाशी उभी राहून हे पाहत होते. माझ्या वर्गातल्या मुली ‘उद्याचा भारत’ या विषयावर दरवर्षी बक्षिसं आणतात. भाषण मी लिहिते, त्या पाठ करतात. ‘मी करीन’ म्हणून माझ्या वर्गात हात वर झालेला मला आठवत नाही.

‘‘बाई, तुमी काय ठेवता?’’ चिंचोकेवाल्याने मला विचारलं.

मी अशी संधी सोडते होय! पिशवीतून पावडरची डबी काढली आणि मोताळ्याच्या जागी ठेवली. म्हटलं, हे मुलींचं हायस्कूल. मग प्रयोगशाळा, ग्रंथालय, वसतिगृह, क्रीडांगण, सगळं ओघवत्या भाषेत सांगितलं. पुण्यात एवढ्यावर टाळ्या पडल्या असत्या.

‘‘चालवन कोन?’’

‘‘सरकार,’’ मी म्हटलं.

सगळा वर्ग खिदळला. ‘‘सरकार कोन्या वर्गात हाये, बाई?’’

‘‘नाव सांगा, नाई तं उचला,’’ बाबू म्हणाला.

नलू हसली नाही, आणि तेच मला जास्त लागलं. माझं नाव मी सांगू शकत होते. पण पुणं सोडून इथे कोण येतंय! मी डबी उचलायला वाकले.

‘‘राहू द्या, बाई,’’ विशाखा म्हणाली. ‘‘मी चालवीन. माझं नाव घ्या.’’

संध्याकाळी मी नलूला सरळ म्हटलं, ‘‘ही मुलगी मला दे.’’

नलू भाकरी थापत होती, ती थांबली. विशाखाची सातवी मार्चमध्ये संपणार होती आणि गावात पुढे वर्ग नव्हता. बाहेरगावी ठेवावी तर ना नातलग, ना ऐपत. सातवीनंतर ती आईबरोबर कापूस वेचायला जाणार, हे ठरल्यातच जमा होतं. माझ्या शाळेच्या वसतिगृहात अशा मुलींसाठी जागा असतात. मी हे सगळं परोपकाराच्या सुरात सांगितलं. खरं कारण एवढंच की, त्या वर्गातलं सगळ्यात चांगलं ते मला माझ्या वर्गात हवं होतं.

रविवारी आम्ही विशाखाच्या घरी जेवलो. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे (कणकेचे जाडजूड गोळे), वांग्याची झणझणीत भाजी, वर कच्चं तेल. मी हाश्‌हुश्‌ करत दोन रोडगे संपवले. विशाखाची आई मी बोलत असताना माझ्याकडे नाही, नलूकडे पाहत होती.

‘‘शिकू द्या तिले,’’ ती अखेर म्हणाली. ‘‘मी आडवी येत नाई. पन एक सांगते, बाई. शिकून झाली का ती तुमची व्हनार का आमची?’’

उत्तर विशाखानेच दिलं. ‘‘मी परत येईन ना, माय. शाळा कोन चालवन मंग?’’

‘‘पाह्य. तिकडं कोनाले माय म्हनशीन तं मले खपनार नाई,’’ आई म्हणाली आणि डोळ्यांना पदर लावून चुलीकडे वळली. मला त्या बाईचाही हेवा वाटला. तिला निदान भांडायचा हक्क होता.

सोमवारी नलू मला मोताळ्यापर्यंत सोडायला आली. बस यायला वेळ होता. ती रस्त्याकडे पाहत म्हणाली, ‘‘तुझा फार हेवा वाटतो गं. मी तिला सात वर्षं शिकवलं, आणि पुढचं दार उघडणं माझ्या हातात नाही. ते तुझ्या हातात आहे. काल रात्री मला झोप लागली नाही.’’

खरं सांगते, ऐकून गोड वाटलं. ज्या कारणासाठी मी एवढा प्रवास केला ते मला मोताळ्याच्या बस थांब्यावर मिळालं. वाटलं, आता फिट्टंफाट झाली. पण बस सुटली आणि नलू धुळीत हात हलवत राहिली, तेव्हा माझ्या लक्षात आलं की तिचा हेवा विशाखासाठी होता आणि माझा माझ्यासाठी. मलकापूर येईपर्यंत तो गोडवा पार उतरला.

पुण्यात आल्याबरोबर वसतिगृहातल्या जागेसाठी आमच्या मुख्याध्यापिकाबाईंकडे गेले. त्या हिशेबी आहेत.

‘‘हुशार आहे मुलगी?’’

‘‘फार.’’

‘‘बोर्डात येईल?’’

‘‘येईल.’’

‘‘पुढे आपल्याकडेच शिक्षिका म्हणून राहील?’’

हो म्हणायचं एवढंच काम होतं. हो म्हटलं असतं तर जागा तिथल्या तिथे मिळाली असती, आणि परत जायची वेळ येईपर्यंत चार-पाच वर्षांत तिला पुण्याची गोडी लावणं मला जड नव्हतं. मला ते करावंसं वाटत होतं, आजही वाटतं. सगळं डोळ्यांपुढे दिसत होतं. माझ्या शेजारच्या वर्गात विशाखा, आणि पाहुण्यांना मी सांगतेय, ही माझी विद्यार्थिनी.

‘‘नाही,’’ मी म्हटलं. ‘‘ती परत जाणार आहे. तिकडे शाळा काढायचीय तिला.’’

‘‘मग आपल्याला काय मिळणार?’’

‘‘काहीच नाही,’’ मी म्हटलं. ‘‘तिचा खर्च माझ्या पगारातून कापा.’’ आणि खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले. त्या हो म्हणेपर्यंत उठले नाही.