बशीविना चहा

जळगावात आमच्या शेजारी कापसाचे एक दलाल राहत. जपानवर त्यांचा भारी जीव. तिकडे ते कधी गेले नव्हते, पण जुन्या बाजारात लढाईच्या आधीचा जपानी माल दिसला की तो घरी आलाच. कागदी पंखे, काडेपेट्यांवरची चित्रं आणि बिनकानाचे कप. पाहुण्यांना चहा त्याच कपात मिळे. बशी मागितली की म्हणत, "जपानात बशीत ओतत नाहीत, भाऊ. दोन्ही हातांनी धरा." आम्ही धोतराच्या सोग्यात कप धरून चहा निवायची वाट बघायचो.

एका हंगामात कापूस बघायला खराखुरा जपानी व्यापारी आला. महिनाभर जिनिंगच्या कारखान्यातच मुक्कामाला होता. दलालांनी त्याला चहाला आणलं. आम्हीही टोप्या सारख्या करून बसलो. त्यानं दोन्ही हातांनी कप उचलला, चटका बसताच खाली ठेवला आणि मोडक्या हिंदीत बशी मागितली.

यांनी आतून बशी आणली. घरात बशी आहे, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. पाहुणा चहा ओतून फुर्रकन प्यायला.

तो गेल्यावर हे बराच वेळ हळहळत होते. "जिनिंगवाल्यांनी बिघडवला हो बिचाऱ्याला."

मग बशी आत नेऊन ठेवली आणि आमच्यासाठी चहा मागवला.