एका बाकावरचे विरोधक

बाईला सवत असावी तर ती बाई तरी असावी, चार शब्द भांडता येतं. माझी सवत म्हणजे दोन गल्ल्या पलीकडे लोखंडी ग्रिल बनवणारे, दाढीला मेंदी लावणारे अब्बासभाई. आता बोला.

आमचे हे, खंडेराव, देवळालीगावात पिठाची गिरणी चालवतात. पस्तीस वर्षं एकाच पक्षाचं काम केलं. अब्बासभाई तितकीच वर्षं समोरच्या पक्षात. या दोन पक्षांचं आमच्याकडे इतकं वाकडं, की एकाच्या माणसाला दुसऱ्याच्या माणसासोबत टपरीवर चहा पिताना कुणी पाहिलं, तर संध्याकाळपर्यंत तो फितूर ठरलेला असायचा. म्हणून हे दोघं रस्त्यात समोरासमोर आले तरी माना खाली घालून जायचे. माझ्या सासूबाई गेल्या तेव्हा अब्बासभाई अमरधामपर्यंत आले, लांब झाडाखाली उभे राहिले आणि कुणाशी न बोलता निघून गेले. त्यांच्या मुलीच्या, आफियाच्या लग्नाचा बँड आमच्या गल्लीतून गेला, तर ह्यांनी गिरणी बंद करून दारात उभं राहून तो नुसता ऐकला. लग्नाला जायची सोयच नव्हती.

फक्त मतदानाच्या दिवशी सोय होती. प्रत्येक उमेदवाराचा एक माणूस केंद्रात बसतो, आलेला मतदार खराच तो आहे ना हे बघायला. पोलिंग एजंट म्हणतात. आमच्या शाळेतल्या खोलीत आमच्याकडून हे आणि त्यांच्याकडून अब्बासभाई. आधी पेटी होती, मग मशीन आलं, बाक तोच राहिला. तिथं दोघांना शेजारी बसायला निवडणूक आयोगानंच लावलेलं, मग फितूर म्हणणार कोण? सकाळपासून सील लागेपर्यंत दोघं बोलत बसायचे. गुडघे, पोरांच्या नोकऱ्या, लोखंडाचा भाव, सगळं. मी एकाची भाकरी दिली की हे म्हणायचे, "दोन जास्त टाक गं. ठेचाही जरा सढळ."

आणि मैत्री असली तरी काम म्हणजे काम हं. एकदा मी ओळखपत्र घरी विसरले तर ह्याच अब्बासभाईंनी माझ्या मतावर आक्षेप घेतला. म्हणे, "ही खंडूची बायको आहे हे मला माहीत आहे, पण सरकारला कुठं माहीत आहे?" उन्हात परत घरी पाठवलं मला. शेजारी आमचे हे मान डोलावत बसलेले, बरोबर आहे म्हणे. आणि दुपारी दोघांनी माझीच भाकरी खाल्ली.

मतदानाच्या रात्री घरी आले की हे फार खूश असायचे. पक्ष हरो नाहीतर जिंको. मग दुसऱ्या दिवसापासून पुढच्या निवडणुकीची वाट बघणं सुरू. पीठ चाळता चाळता मध्येच थांबून म्हणायचे, "अब्बासच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं असेल का गं?" मी म्हणायचे, मला काय ठाऊक, तुमचा तो दोस्त. तर म्हणायचे, "दोस्त कसला, विरोधक आहे."

या विधानसभेला मुंबईत काय चक्रं फिरली देव जाणे. आयुष्यभर एकमेकांचा उद्धार करणारे दोन्हीकडचे पुढारी टीव्हीवर एका सोफ्यावर बसून हसायला लागले. आघाडी झाली. आमची जागा अब्बासभाईंच्या पक्षाला सुटली. दोघांचा मिळून उमेदवार एक, म्हणजे बाकावर माणूसही एकच. आमच्या पक्षाच्या कार्यालयातला रविराज, ह्यांच्या मांडीवर खेळलेलं पोर, ह्यांना म्हणाला, "काका, दुपारपर्यंत अब्बासचाचा बसतील, ते उठले की तुम्ही बसा."

"तो उठल्यावर मी बसून काय करू?" हे म्हणाले. रविराजला काही कळलं नाही. मला कळलं.

त्यानंतर जेवणावरून लक्ष उडालं त्यांचं. म्हणायचे, सत्तरी आली, पुढच्या निवडणुकीला दोघंही असू की नाही कुणास ठाऊक, एकदा शेजारी बसायला मिळालं असतं. आणि मग एक दिवस नको ते करून आले. आमच्या पक्षातला अमोल तिकीट न मिळाल्यामुळे बंडखोरी करून अपक्ष उभा होता. त्याला एजंट मिळत नव्हते. हे त्याच्याकडे गेले आणि त्याचा एजंट झाले. का, तर अपक्षाच्या एजंटालाही त्याच बाकावर जागा मिळते.

मी कपाळावर हात मारला. तासाभरात पक्षाच्या ग्रुपमधून ह्यांचं नाव काढलं. पस्तीस वर्षं ज्या पक्षासाठी भिंती रंगवल्या, त्याच्याच पोरांनी येऊन गिरणीवरचा झेंडा उतरवला. एकजण तोंडावर गद्दार म्हणाला. ह्यांनी ऐकून घेतलं आणि मतदानाला घालायचा सदरा इस्त्रीला दिला.

मतदानाच्या दिवशी मी दुपारी गेले, ओळखपत्र हातातच धरून. बघते तर दोघं एका बाकावर, पण मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा. अब्बासभाई खिडकीकडे तोंड करून बसलेले. आमचे हे इस्त्रीच्या सदऱ्यात, शाळेत पहिल्या दिवशी आलेल्या पोरासारखे, त्यांच्याकडे बघत. डबा तसाच बंद. माझं नाव पुकारलं तरी अब्बासभाईंनी मान वळवली नाही. मला राग यायला हवा होता, पण रडू आलं. मत देऊन गुपचूप बाहेर पडले.

संध्याकाळी हे घरी आले, चपला न काढताच पलंगावर बसले. मी पाणी दिलं. मग सांगायला लागले.

दिवसभर अब्बासभाई एक शब्द बोलले नाहीत. मशीनला सील लागलं, दोघांनी सह्या केल्या, तेव्हा म्हणाले, "खंडू, तू पक्ष का सोडलास?"

"तुझ्याशेजारी बसायला."

अब्बासभाई म्हणे ह्यांच्याकडे पूर्ण वळले. मग म्हणाले, "अरे, या वेळी आपण एकाच बाजूला होतो. माझ्या घरी यायला तुला कोण अडवणार होतं? आघाडी झाली त्या दिवसापासून मी रोज संध्याकाळी दारात खुर्च्या टाकतोय. घरात हुस्नबानोला सांगतोय, चहा ठेव, आज खंडू येईल."

ह्यांना ते सुचलंच नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही नाही. हे दोघं भेटणार म्हणजे शाळेत, बाकावर, एवढंच आमच्या डोक्यात बसलेलं.

मी म्हटलं, "मग आत्ता जा ना. उठा. अजून जागे असतील."

"नको म्हणाला. तू आता बंडखोराचा माणूस, आता आलास तर आमचे लोक म्हणतील अब्बासनेच खंडूला फोडला." हे पाण्याचा पेला हातात तसाच धरून बसले. "म्हणाला, पुढच्या निवडणुकीला बघू."