दोन वर्षांची जमीनदारीण

टिलबर्गहून निघाले तेव्हा डब्यात मी आणि समोर एक डच आजी, एवढ्याच. माझा मास्क दुसऱ्या कोटाच्या खिशात राहिला होता. "मोंडकापिये!" (मास्क) असं दटावत आजींनी पर्समधून नवा काढून दिला. करोनाच्या त्या दिवसांत परक्या माणसाने हात पुढे करणं हेसुद्धा केवढं वाटायचं.

जायचं होतं हेगला, भारतीय वकिलातीत. बाबा गेल्यावर सातबाऱ्यावर दादाबरोबर माझंही नाव लागलं होतं, वारस म्हणून. आमच्याकडे बहिणी हक्क सोडतात, भाऊ साडी देतो आणि माहेर टिकतं. विमानं बंद, म्हणून हक्कसोडासाठी काकांच्या नावे मुखत्यारपत्र करून द्यायचं होतं. दुपारची वेळ मोठ्या मिनतवारीने मिळाली होती.

वाटेत रॉटरडॅमजवळच्या कापेलला मृणालकडे गेले. मृणाल माझी कॉलेजातली मैत्रीण. मी इथे आले नवऱ्यामागून, ती स्वतःच्या शिष्यवृत्तीवर. तिच्या खिडकीतून आयसेल नदी दिसते. खरं सांगते, माझ्या पोटात दुखलं. थालीपीठ मात्र तिने करपवलं होतं आणि गूळ संपला म्हणून सोबत आपेलमूस (सफरचंदाचा गोड गर) वाढलं. तेवढ्याने जरा बरं वाटलं.

अमेरिकेत गेलेल्या जपानी शेतकऱ्यांच्या जमिनींची जुनी कागदपत्रं हा तिचा अभ्यासाचा विषय. तिने कॉम्प्युटरवर एक खरेदीखत उघडलं.

"ही मालकीण बघ. सगळी बाग हिच्या नावावर. वय वर्षं दोन."

"दोन?"

"जपानी लोकांना कॅलिफोर्नियात जमीन घ्यायला बंदी होती. तिथे जन्मलेली मुलं मात्र नागरिक. म्हणून बापाने हिचं नाव लावलं."

"मुलगा नव्हता त्याला?"

"होता की, थोरला. पण तो जपानात जन्मलेला, म्हणजे तोही परकाच."

"काय नशीब पोरीचं!"

"अगं, प्रेमाने नाही काही, नाइलाजाने!"

"नाइलाजाने का होईना, लावलं ना!" माझा आवाज चढला तशी मृणाल बघतच राहिली.

त्या शंभर वर्षांपूर्वीच्या पोरीचा मला इतका हेवा वाटला की मी ताटली बाजूला सारली. बाबांनी मला शिकवलं, थाटात लग्न लावून दिलं. पण बांधावर उभं राहून 'यातलं हे तुझं' असं कधी म्हटलं नाही. माझं नाव लागलं ते तलाठ्याने कायद्याप्रमाणे घातलं म्हणून.

रॉटरडॅमला हेगची गाडी लागलेली होती. मी टिलबर्गच्या गाडीत बसले. थोड्या वेळाने दादाचा फोन आला.

"काय गं सुमे, झाली का सही?"

"नाही केली. दादा, माझं नाव राहू दे."

"तू तिकडे. जमीन घेऊन करणार काय?"

"काही नाही. कस तूच. नाव तेवढं असू दे."

तो म्हणाला, "तुझ्या वहिनीने साडी आणून ठेवलीय गं."

"तिलाच नेसू दे."

पुढे कितीतरी दिवस माहेरचा फोन आला नाही. सातबाऱ्यावर मी अजून आहे. हेवा मात्र गेलेला नाही. माझं नाव मी राखलं. त्या पोरीचं तिच्या बापाने लावलं होतं.