मांजरसुंब्याच्या बोर्डावरचा पक्षी

कपिलधारहून परत येताना बायकोनं पाठीवर थाप मारून मोटरसायकल थांबवायला लावली. मांजरसुंब्याच्या चौकात एका हॉटेलाचा नवा बोर्ड तिला दिसला होता.

"अवं, बगा तरी! लई भारी हाय."

मी बीडातला पेंटर. गल्लोगल्ली फ्लेक्स आले तरी ब्रश न सोडलेला. माझे कितीतरी बोर्ड तिच्यासमोर अंगणात वाळले, पण 'लई भारी' हे शब्द तिच्या तोंडून कधी निघाले नव्हते. "झालं का? जेवाय चला," एवढंच.

बोर्ड इंग्रजीत होता. अक्षरं गोलमटोल, पोट सुटलेली. डीचा दांडा मागं कलंडलेला, जणू जेवून लवंडलाय. पहिलं अक्षर हातभर उंच. त्याच्या पोटात एक पक्षी स्वतःचीच शेपटी चावत होता आणि त्या शेपटीची वेल होऊन गाठीवर गाठ पडत चालली होती. एकच रेघ, इथं वरून, तिथं खालून, तुटायचं नाव नाही.

"तुला वाचता तरी येतंय का?"

"वाचाय न्हाई येत. पण बगतच ऱ्हावं वाटतंय."

हात कुणाचा ते मी लांबूनच ओळखलं: माझ्या जुन्या जोडीदाराचा. आम्ही दोघं एकाच उस्तादाकडं शिकलो. पुढं तो पुण्याला टॅटूच्या दुकानात गेलता आणि आता परत आलता. आम्हा पेंटर लोकांची खोड अशी की कुठलाही बोर्ड दिसला की नजर आधी खालच्या कोपऱ्यात जाते, सही कुणाची बघायला. त्या दिवशी मी ती हट्टानं जाऊ दिली नाही. फोटो काढला तोही कोपरा वगळून. त्याचं नाव माझ्या मोबाइलात कशाला?

"निजामाच्या काळची तऱ्हा हाय ही," मी ठोकून दिलं. "जुन्या उर्दू पाट्यांवरून चोरलीय त्यानं."

"मंग तुमी कावून न्हाई चोरली?"

मी गाडीला किक मारली.

घरी आल्यावर चोरी सिद्ध करायला मोबाइलला फोटो दाखवला, तर निजाम राहिला बाजूला, त्यानं थेट आयर्लंड गाठलं. केल्टिक म्हणे! फार जुन्या काळी तिकडचे साधू वासराच्या कातड्यावर धर्मग्रंथ उतरवायचे, तेव्हाची ही अक्षरं, ह्याच गाठी. त्यांचा पक्षी आणि आपल्या बोर्डावरचा पक्षी, सख्खे भाऊ. मी आनंदानं एक भाकरी जास्त खाल्ली.

दुसऱ्या दिवशी मांजरसुंबा. तो त्याच हॉटेलाच्या भिंतीला रंग देत होता. गिऱ्हाईक भरलेलं बघून मी आवाज चढवला.

"काय बे, आयर्लंडचा माल आपला म्हणून खपवतो व्हय?"

त्यानं शांतपणे ब्रशची दांडी बोर्डाच्या कोपऱ्याकडं केली. सहीच्या वर, स्वच्छ मराठीत लिहिलेलं: 'केल्टिक पद्धतीची अक्षरे. पाहून काढली.'

"पेंटर असून कोपरा न्हाई बगितला बे?"

सगळं हॉटेल हसलं. भजी तळणाराही झारा टेकवून हसला.

"बरं झालं आलास," तो म्हणाला. "खाली मराठीत 'चहा-नाष्टा' लिहायचंय. माझ्या हाताची सवय मोडलीय मराठीची. तूच लिही."

ही दया होती की खरंच गरज, देव जाणे. मी ब्रश हिसकावलाच. 'ष्टा'च्या पोटात एक गाठ घालायला गेलो, तर रेघ खाली बुडाली ती वर आलीच नाही. घासलेटच्या फडक्यानं सगळं पुसलं आणि उस्तादानं शिकवलेली सरळ, जाड अक्षरं काढली. सही मात्र त्याच्या दुप्पट.

रविवारी बायकोला मुद्दाम तिथं घेऊन गेलो. ती बराच वेळ वर बघत राहिली. मग खाली.

"वरचं लई भारी हाय."

मी खालच्या ओळीकडं बोट केलं.

"खालचं वाचाय येतंय."

बोर्डाला याहून मोठी शाबासकी नसते, हे मी तिला बीडापर्यंत समजावत आलो. आरशात बघितलं तर तिची मान मागंच वळलेली, पक्ष्याकडं.