दोरीसकट सूप

यमुना गेल्याचं मला वडसा स्टेशनावर कळलं. ती तापानं आजारी आहे म्हणून मी औषधं घेऊन नागपूरहून निघाले होते. न्यायला आलेला कंपाउंडर म्हणाला, "काल सकाळीच गेल्या, बाई." मी औषधं त्याच्याच हातात दिली. दवाखान्याला उपयोगी पडतील... दुसरं काय करणार होते?

आम्ही दोघी नर्सिंग एकत्र शिकलो. नंतर ती वडशापुढच्या एका जंगलगावच्या आरोग्यकेंद्रावर राहिली, मी नागपुरातच. पाच वर्षांपूर्वी आम्हाला पुढं शिकायची संधी आली. वाटा दोन होत्या: दिल्लीला जाऊन नर्सिंगची शिक्षिका व्हायचं, की वर्षभर गावच्या आरोग्यकामाचं शिकून परत जंगलात यायचं. मी तिच्यासाठी दिल्लीचा अर्ज घेऊनच केंद्रावर गेले. ओसरीत आठ दिवसांची एक पोरगी रडत होती आणि तिची आजी वजनाच्या काट्याला हात लावू देत नव्हती. "मोहफुलं हायेत का तोलाले?" यमुनेनं वाद घातला नाही. "आजी, सुपात तर निजवता ना लेकराले?" "निजवतो." "मंग तुमचंच सूप द्या." तिनं सुपाला चार दोऱ्या बांधून ते काट्याला अडकवलं. पोरगी पावणेपाच पौंड भरली. आजी म्हणाली, "आवाज मायचा, वजन चिमणीचं."

मी अर्ज पुढे केला. "हेच तू शंभर मुलींना शिकवशील."

"तू शिकव. मले पाह्यचं हाय, पुढच्या आठवड्यात हे पोरगी किती भरते ते."

"एवढ्यासाठी दिल्ली सोडतेस?"

"तुले एकटीले भेव लागते, म्हणून मी येऊ काय?"

खरं होतं, म्हणूनच राग आला. वर्षभर मी तिला पत्र टाकलं नाही. दिल्लीचं शिक्षण एकटीनंच पुरं केलं.

वडशाहून त्या दिवशी तशीच पुढं गेले आणि तिची खोली आवरली. तीच आजी नातीला घेऊन दारात आली. नात आता पाच वर्षांची, चांगली दणकट. केंद्राच्या काट्याला पाच वर्षं तिचंच सूप होतं; ते माझ्या हातात देत आजी म्हणाली, "काटा सरकारचा हाय, बाई. सूप माह्यं. हे तुम्ही न्या. भिंतीले टांगू नोका, वापरजा."

वापरते. गेल्या आठवड्यात वर्गात एका मुलीनं विचारलं, बाळाच्या वजनातून सुपाचं किती वजा करायचं. मी सूप उलटं करून तिच्यापुढं धरलं. कडेच्या बांबूवर यमुनेच्या अक्षरात, शाईनं लिहिलेलं आहे: सूप, दोरीसकट, चौदा औंस.