मागच्या स्प्रिंगा

आठवीत शाळा सोडली तेव्हा वाटलं होतं, हातात काम असलं की माणूस कुठंही उपाशी राहत नाही. ते खरं ठरलं. पण "कुठंही" म्हणजे मालवणपासून थेट गंगाखेड, हे माहीत नव्हतं. इथल्या गॅरेजचे मालक सगळ्यांचे उस्ताद. त्यांनी मला ओळख नसताना ठेवून घेतलं, मागची खोली दिली, आणि दुपारचा डबा त्यांच्या घरून दोन माणसांचा येऊ लागला. हे उपकार मी रोज मोजतो, आणि कामात चूक झाली तर ते संपतील ही भीतीही रोजच.

पोखर्णीकडच्या एका उसाच्या शेतकऱ्याच्या मुलानं जुनी हॅचबॅक घेतली होती. ती त्याला खाली बसवायची, म्हणजे उंची कमी करून जमिनीलगत आणायची होती. तयार छोट्या स्प्रिंगा त्याच्या आवाक्याबाहेरच्या. म्हणून गावोगाव करतात तेच त्यानं सांगितलं: आहे ती स्प्रिंग ग्राइंडरनं कापा. बहिणीच्या बाळाचं देवळात जावळ होतं. मामाच्या मांडीवर बसवून काढायचं, म्हणून या मामाला गाडीही ऐटीत न्यायची होती.

उस्ताद परभणीला गेले होते. मी एकट्यानं कापलं. पुढं एक वेढा, मागं दीड. मग बघायला डिकीत पेंडीची तीन पोती टाकली, कारण या भागात रिकामी गाडी कुणी चालवत नाही. टायर कुठं घासत नव्हता. गाडी अशी बसली की त्यानं मला मिठीच मारली. "आता कुठं गाडी गाडीसारखी दिसायलीय, पाव्हणे," म्हणाला आणि पोती उतरवून घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एका जीपचं चाक बदलत होतो. जॅक चढला, चाक लोंबकळलं, आणि मला कालची गाडी आठवली. ओझं घालून बघितलं होतं. उचलून बघितलंच नव्हतं. ओझ्याखाली कापलेली स्प्रिंगसुद्धा दबून घट्ट बसते. पण मागं वजन नसताना गाडी ब्रेकरवरून उडाली, चाक क्षणभर खाली लटकलं, तर आखूड स्प्रिंग जागेवरून निसटून बाजूला पडू शकते. आणि जावळ त्याच दिवशी होतं.

त्याला फोन केला. उचलला नाही. पुन्हा केला. मग फोन खिशात ठेवला आणि जीपचे नट आवळत राहिलो. मनात हिशेब चालू: काही झालंच नाही तर? उगाच सांगितलं आणि उस्तादांनी जा म्हटलं तर मी कुठं जाणार? डबा आला, रात्रीच परभणीहून परतलेल्या उस्तादांनी माझ्यापुढं भाकरी सरकवली, तेव्हा कुठं त्यांना सांगितलं.

उस्तादांनी हात धुतले नाहीत. मोटरसायकल काढली, जॅक मला मांडीवर धरायला दिला. वाटेत प्रत्येक ब्रेकर मी रस्त्याकडेला बघत ओलांडला.

गाडी देवळाबाहेर उभी होती, धड. जावळ होऊन गेलं होतं. मामाच्या पँटीवर अजून बाळाचे केस चिकटलेले. आम्हाला बघून तो खूश झाला, जेवायला बसा म्हणाला. उस्तादांनी मला फक्त मान हलवून खुणावलं. मी जॅक लावला, मागचं चाक वर घेतलं आणि स्प्रिंगला हात घातला. म्हातारीच्या हातातल्या बांगडीसारखी ती गरागरा फिरली.

"येताना वाटंत ब्रेकरवर खट्ट वाजलं व्हतं," तो हळूच म्हणाला. "मला वाटलं, खाली बसलेल्या गाडीचा आवाजच तसा असंल." बहीण मागच्या सीटवर बसून आली होती, बाळाला घेऊन.

"कुणी कापली?" बाजूच्या एकानं विचारलं.

"मी," मी म्हणालो.

"तिकडं कोकणात काय होड्या दुरुस्त करायलतास का रे?" तो म्हणाला. दोघंतिघं हसले. मामा हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

उस्तादांनी गाडी तिथंच ठेवायला लावली. बहिणीला आणि बाळाला ऑटोत बसवलं. दुसऱ्या दिवशी परभणीच्या भंगारातून अखंड स्प्रिंगा शोधून आणल्या, मी बसवल्या, चारही चाकं उचलून एकेक हातानं फिरवून बघितली. गाडी पुन्हा उंच झाली. मामानं चावी घेतली, माझ्याकडं न बघता.

परतताना उस्तादांनी मोटरसायकल कडेला घेतली. मला वाटलं, इथंच उतरवतायत.

"सांगितलंस ते बरं केलंस," ते म्हणाले. "दुसरा असता तर गप बसला असता."

मी हो म्हणालो.

सकाळपासून डबा येईपर्यंत मी तो दुसराच होतो, हे त्यांना माहीत नाही. मी फोन खिशात ठेवला, त्याच वेळात ती बाई बाळाला मांडीवर घेऊन त्या ब्रेकरवरून गेली असणार. डबा अजून दोन माणसांचा येतो. उस्ताद गिऱ्हाइकांना मला दाखवून म्हणतात, माणूस इमानदार आहे. तेव्हा मी चटकन एखाद्या गाडीखाली शिरतो.