बेचाळीसच्या पुढचे जंतू

दिवसभर डब्यात कोंडून राहिलेल्या पोळीला एक वास असतो. तो आंबट नसतो आणि शिळाही नसतो. सकाळी तव्यावरून उतरताना जी वाफ तिच्या अंगात होती, ती बाहेर पडायला वाट न मिळाल्याने तिथेच रुसून बसली आहे, असा काहीसा तो असतो. थंडीत तो अधिक जाणवतो. संध्याकाळी स्वयंपाकघरात उभे राहून झाकण उघडावे आणि तो ओलसर, उदास गंध नाकाशी यावा, की मला कळते, आजही पोळी परत आली.

आमच्या घरात डबा भरायचे काम मनीषाचे, म्हणजे माझ्या पत्नीचे, आणि तो धुवायचे माझे. त्यामुळे आमची दुसरीतली मुलगी रेवा काय खाते आणि काय नाही, याची पहिली खबर मलाच लागते. या हिवाळ्यात ती खबर चमत्कारिक होती. ज्या दिवशी उपमा, पोहे किंवा मसालेभात असेल त्या दिवशी डबा चाटूनपुसून रिकामा. ज्या दिवशी पोळीभाजी असेल त्या दिवशी भाजी गायब आणि पोळी जशीच्या तशी, घडीसुद्धा न मोडलेली. मूल एखाद्या दिवशी खात नाही, हे मी समजू शकतो. पण न खाण्यात इतका नेम? नेम दिसला की मला संशय येतो. अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात तयार माल तपासण्याचे माझे काम. एखादा नग वाकडा निघाला तर तो अपघात असतो. पण एकाच जागी एकाच प्रकारे वाकडे नग निघू लागले, तर मागे कुठेतरी काहीतरी बसलेले असते, हे मला तिथे शिकायला मिळाले आहे.

पहिला संशय अर्थातच पोळीवर गेला आणि तो मी बोलून दाखवला, ही चूक झाली. मनीषाने लाटणे खाली ठेवले. "अहो, इतकी वर्षं याच पोळ्या खाताय ना? तेव्हा नाही वास आला तो?" मी म्हटले, मी पोळीला नाही, परिस्थितीला दोष देतोय. "परिस्थिती लाटते का पोळ्या?" ती म्हणाली, आणि त्या दिशेचा तपास तिथेच थांबला.

दुसरा संशय शाळेच्या रिक्षावाल्या काकांवर. काका पोरांचे लाड करतात. वाटेत बोरे, चिंचा, पेरूच्या फोडी असे काही सुरू असेल, अशी माझी अटकळ. एका सकाळी मी त्यांना आडून आडून विचारले. काकांनी रिक्षाच्या मागच्या बाजूकडे बोट दाखवले. "साहेब, माझ्या रिक्षात खायला काय हाय? लय झालं तर शीएनजी! आन तुमची पोरगी तर तोंडच उघडत नाय. ना खायला, ना बोलायला. आधी लय बोलायची." ते हसत बोलले, पण शेवटचे वाक्य माझ्याबरोबर कारखान्यापर्यंत आले. आधी बोलायची, म्हणजे आता बोलत नाही? घरी तर बोलत होती. की तिथेही कमी झाले होते आणि मी मात्र पोळ्यांकडेच पाहत बसलो होतो?

मग मी घरातही लक्ष ठेवू लागलो. रेवा चमचा मागू लागली होती. वरणभात चमच्याने, पोळी आईकडून दुधात कुस्करून घेऊन तीही चमच्याने. मनीषाला वाटले, इंग्रजी शाळेतल्या मावसभावाची नक्कल असावी. मला तसे वाटेना, कारण नक्कल करणाऱ्या मुलाच्या चेहऱ्यावर थोडी ऐट असते आणि हिच्या चेहऱ्यावर ती नव्हती. आणखी एक गोष्ट माझ्या कानाला खटकली. जेवायला बसताना मी विचारी, "हात धुतलेस?" ती म्हणे, "बेसिनवर जाऊन आले." दुसऱ्या दिवशी विचारले तर, "साबण लावला ना." कधी नुसतेच, "ओले आहेत बघ." धुतले, हा साधा शब्द काही तिच्या तोंडून येईना. कारखान्यात एखाद्याला, नग मापात आहे का, असे विचारावे आणि त्याने, मशीन नवीन आहे साहेब, असे उत्तर द्यावे, तेव्हा मी मोजपट्टी बाहेर काढतो. मी तिचे हात हातात घेतले. बोटे गार होती, ओली होती, साबणाचा वास येत होता. मग ही खोटे का बोलते आहे? आणि खोटे बोलत नसेल, तर खरे का बोलत नाही?

खरे सांगायचे तर शाळेतल्या स्वच्छतेच्या धड्यावर माझा विश्वास पहिल्यापासून बेताचाच. आमच्या लहानपणी छातीवर पिनेने लावलेला घडीचा रुमाल असे. तो नाक पुसण्यासाठी नव्हता, दाखवण्यासाठी होता. नाकासाठी सदऱ्याची बाही होती. नखे सोमवारी तपासली जात, म्हणून ती रविवारी कापली जात, आणि उरलेल्या आठवड्यात त्यांच्याखाली काय साठते याची चौकशी ना गुरुजी करत, ना आम्ही. स्वच्छ असणे आणि स्वच्छ दिसणे या दोन वेगळ्या विद्या आहेत, आणि शाळा बहुधा दुसरीच शिकवते, असे माझे मत. तेव्हा रेवाही ही दुसरी विद्या शिकून आली असावी, या निष्कर्षापर्यंत मी येऊन ठेपलो होतो. बोटे भिजवायची, साबणाला स्पर्श करायचा आणि वेळ मारून न्यायची. एवढ्याशा जिवाने एवढ्यात हे शिकावे? मला राग आला आणि त्याहून जास्त वाईट वाटले.

एके दिवशी आमच्या कारखान्याला सुटी होती आणि शाळेला नव्हती. रेवा पाण्याची बाटली विसरून गेली होती. ती पोचवण्याचे निमित्त करून मी मधल्या सुटीच्या वेळी शाळेत गेलो आणि आत न जाता व्हरांड्याच्या खांबाशी उभा राहिलो. स्वतःच्या मुलीवर पाळत ठेवणारा बाप कसा दिसत असेल, हा विचार मनात आला नाही असे नाही. पण पाय हलले नाहीत.

पटांगणाच्या कडेला नळांची रांग होती. कांद्याच्या लाल जाळीचे तुकडे कापून, त्यात साबणाच्या वड्या बांधून प्रत्येक नळाला टांगल्या होत्या. वाऱ्याने त्या हलत होत्या. मुले ओळीने उभी होती आणि काय सांगू, सगळी पाढा म्हणत होती! सात एके सात, सात दुणे चौदा. हातांवर हात चोळत, बोटांत बोटे घालत, फेसाच्या तालावर. पाढा संपला की हात धुऊन पुढे व्हायचे. आकड्यांवर पोट भरणारा माणूस मी. क्षणभर मन हरखून गेले. घाईत दोन थेंब उडवून पळणाऱ्या पोरांना नळाशी खिळवून ठेवण्याची किती नामी युक्ती! हातही स्वच्छ निघतात आणि पाढाही पाठ होतो. ज्या बाईंना हे सुचले त्यांना मी मनोमन नमस्कार केला.

मग रेवाची पाळी आली. तिने साबण घेतला, हात चोळू लागली. ओठ हलत होते. सात चोक अठ्ठावीस, सात पाचा पस्तीस, सात सक बेचाळीस... आणि ओठ थांबले. हात चोळले जात होते, ओठ थांबलेले. मागून एक मुलगी ओरडली, "अडकली, अडकली! रेवा, परत पहिल्यापासून!" रेवाने पुन्हा सुरुवात केली. पुन्हा बेचाळीस. पुन्हा तेच मौन. मागची रांग पाय आपटू लागली. "ए, आमची सुटी संपेल ना!" रेवाने फेस धुतला आणि मान खाली घालून ती बाजूला झाली. पायरीवर बसली, डबा उघडला. चमच्याने मेथीची भाजी खाल्ली, पोळीकडे काही वेळ पाहिले आणि झाकण लावले. शेजारची मुलगी पोळीचा तुकडा मोडून खात होती. रेवा तिच्या हातांकडे पाहत होती.

बाटली मी शिपाईमामांकडे दिली आणि घरी आलो. संध्याकाळी रेवाला जवळ बसवून विचारले, "पोळी आवडत नाही का तुला?"

"आवडते."

"मग खात का नाहीस?"

"हात नव्हते धुतले."

"धुतलेस की. मी पाहिलं."

तिने माझ्याकडे चमकून पाहिले, मग समजूत घालावी तशी म्हणाली, "बाबा, तू अर्धंच पाहिलंस. पाढा पुरा नाही झाला तर जंतू पुरे मरत नाहीत. बाईंनी सांगितलंय. माझे बेचाळीसपर्यंतचे मरतात. पुढचे तसेच राहतात."

"पुढचे म्हणजे?"

"बेचाळीसच्या पुढचे!"

मला हसू आले, पण क्षणभरच. जिला मी हुशारीने फसवणारी समजत होतो, ती अन्नासमोर बसून भुकेली राहत होती, कारण न धुतलेल्या हाताने खायचे नाही, हा धडा त्या सबंध वर्गात कदाचित तिनेच शब्दशः पाळला होता. तपासायला कोणी नसताना पाळला होता. आणि घरी मी रोज विचारत होतो तेव्हा खोटे बोलावे लागू नये म्हणून ती प्रत्येक शब्द जपून टाकत होती.

आम्ही पंचवटीत राहतो. इथे पाण्याला केवढा मान! लांबलांबून माणसे येतात, गोदावरीचे ओंजळभर पाणी अंगावर घेतात आणि शुद्ध होऊन परततात. स्वच्छ झाले की नाही, हे विचारायची रीत नाही. स्वच्छता डोळ्यांना दिसते, शुद्धता मानावी लागते. रेवाचे हात स्वच्छ होते, पण तिच्या लेखी शुद्ध नव्हते, कारण मंत्र मध्येच तुटला होता. बाईंनी वेळ मोजायला पाढा दिला. मुलीने त्याचा मंत्र केला. आपण मुलांच्या हाती साधन देतो आणि ती त्याला श्रद्धा समजतात, असे आणखी कुठे कुठे झाले असेल? या प्रश्नाने मला अजून स्वस्थता नाही.

मी तिला सांगितले, "हातांना पाढे येत नाहीत गं. जंतूंनाही येत नाहीत. नीट चोळले की झालं."

ती हळूच म्हणाली, "पण हे बाईंनी सांगितलंय का?"

पाहा! संशय घेण्याची सवय तिने कुठून उचलली, हे शोधायला मला लांब जावे लागले नाही.

दुसऱ्या दिवशी कामावर थोडा उशीर करून मी बाईंना भेटलो. तरुण होत्या, हातात खडू, आवाज बसलेला. माझे बोलणे त्यांना प्रथम आरोपासारखे लागले. "रेवाचे बाबा ना तुम्ही? अहो, वर्ग भरून मुलं, नळ मोजके. पाढा आहे म्हणून निदान उभी तरी राहतात. नाहीतर काय होतं ते बघायला या एकदा!" त्यांचे चूक नव्हते. मी म्हटले, युक्ती उत्तमच आहे, मी तिच्या प्रेमातच पडलो होतो. मग बेचाळीसच्या पुढच्या जंतूंची गोष्ट सांगितली. त्या हसल्या, आणि हसता हसता त्यांनी तोंडावर हात ठेवला.

"जेवत नाहीये ती?" त्यांनी विचारले.

"चमच्याने जेवते. पोळी नाही खात."

घंटा झाली, त्या वर्गात गेल्या.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. मी समजलो, सगळे मार्गी लागल्याचे सांगत असतील. त्या म्हणाल्या, "आज मधल्या सुटीआधी वर्गात विचारलं, पाढा म्हणताना नळावर कोण कोण अडकतं? एकानेही हात वर केला नाही. तुमची रेवासुद्धा गप्प. मग मी म्हटलं, बरं, आज डब्यात पोळी असूनही चमचा कोणी कोणी आणलाय? दाखवा पाहू. आधी एक चमचा वर आला. मग मागच्या बाकावरून दुसरा. मग खिडकीच्या बाजूने... मला वाटत होतं, माझा वर्ग एका सुरात पाढा म्हणतोय."

किती चमचे होते, हे त्यांनी सांगितले नाही. आणि आयुष्यभर प्रत्येक गोष्ट 'किती' या शब्दाने सुरू करणाऱ्या मला ते विचारवले नाही. उद्यापासून नळावर कोणी काहीही म्हणावे, गाणे, गप्पा, घरच्यांची नावे. हात नीट चोळून झाले की झाले, आणि पाढे फक्त वर्गात, असे मुलांनाही सांगितल्याचे कळवून त्यांनी फोन ठेवला.

त्या रात्री ताटे वाढली गेली. रेवा बेसिनपाशी बराच वेळ होती; पाण्याचा आवाज येत होता आणि मधून ती काहीतरी पुटपुटत होती, काय ते ऐकू आले नाही. ती येऊन बसली. तिने पोळीची घडी उलगडली, बोटांकडे एकदा पाहिले, मग पलटून तळव्याकडे पाहिले, जणू तिथे अजून कोणी दडले आहे का ते बघत होती. मला माझा रोजचा प्रश्न जिभेवर आलेला जाणवला. मनीषानेही माझ्याकडे पाहिले; तिलाही तो ऐकू येणार अशी खात्री असावी.

मी भाजीचे पातेले रेवाच्या ताटाकडे सरकवले. तिने पोळीचा तुकडा मोडला.